साठीनंतर टांग मारताना

१९८५ साली यामाहा आरएक्स १०० भारतात आली तेव्हा जे कॉलेजात होते, ते आता साठीला आले आहेत. नोकरी संपली, कर्ज फिटलं, मुलं आपापल्या मार्गाला लागली, आणि इतकी वर्षं बाजूला सारलेली हौस पुन्हा डोकं वर काढते. कुणाला सागरी मार्गानं रेवसपासून रेडीपर्यंत जायचं असतं, कुणाला दुचाकीवर अष्टविनायक करायचे असतात, कुणी नर्मदा परिक्रमेची आखणी करत असतं, कुणाच्या मनात लेह असतं. त्यासाठी घेतलेली गाडी बहुधा मोठी असते. आरएक्स १०० चं वजन शंभर किलोच्या थोडंसं वर होतं. आज निवृत्तीच्या पैशातून घरी येणारी रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर ६५० भरते २४१ किलो. अंगातली ताकद उतरणीला लागलेली असताना हाताखालचं वजन सव्वादोन पटींहून जास्त झालेलं असतं.

मग पहिल्याच लांबच्या फेरीत कंबर धरते, बोटांना मुंग्या येतात, माकडहाड ठणकू लागतं आणि घरी परतल्यावर मऊ सीटचा शोध सुरू होतो. हा सगळा विषय तपासताना माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आहे. गाडी मोकळ्या रस्त्यावर पळत असते तेव्हा वय फारसं आड येत नाही. ते आड येतं गाडी थांबलेली किंवा थांबण्याच्या बेतात असताना, आणि दिवसाच्या शेवटच्या दीड-दोन तासांत, अंग शिणल्यावर. आरामासाठी सुचवला जाणारा प्रत्येक बदल या दोन वेळी किती कामाला येतो, हे पाहिल्याशिवाय त्यावर पैसे घालू नयेत.

आधी शरीराकडे पाहू. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा साठीच्या डोळ्यात पोचतो. खुब्याचा सांधा आखडतो, त्यामुळे पाय पूर्वीसारखा उंच उचलला जात नाही. तहान उशिरा जाणवते. मधुमेह जुना असेल तर तळपायाची संवेदना बोथट होते आणि मागचा ब्रेक किती दाबला गेला याचा अंदाज चुकतो. यातलं काहीही गाडी सोडून द्यायला पुरेसं कारण नाही, पण पडण्याची किंमत मात्र वाढलेली असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००८ या काळातल्या मोटारसायकल अपघातांचा अभ्यास करून २०१३ मध्ये मांडलं होतं, की अपघातानंतर इस्पितळात दाखल व्हावं लागण्याची शक्यता विशी-तिशीतल्या चालकांच्या मानाने साठीपुढच्यांत सुमारे तिप्पट असते. तिकडचे रस्ते आणि गाड्या वेगळ्या असल्या, तरी हाडं सगळीकडे सारखीच ठिसूळ होतात. शिणलेला माणूस उशिरा ब्रेक लावतो, म्हणून आराम हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

आता थांबलेल्या गाडीबद्दल. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं जाणाऱ्या दुचाकीस्वाराकडे नीट पाहावं. ओहोटी असेल तर धक्क्याचा उतार पाण्यापर्यंत ओला असतो, काही ठिकाणी शेवाळलेला. बोटीची लोखंडी फळी उतारावर टेकते, तिथे कोन बदलतो. पुढचं चाक फळीवर आणि मागचं काँक्रीटवर, अशा अवस्थेत समोरचा टेम्पो अचानक थांबतो. स्वार पाय टेकवायला जातो, तर जमीन नेहमीपेक्षा चार बोटं खाली. गाडी जराशी कलते. तरुण माणूस ती मांडीनं सावरून धरतो. साठीतल्या माणसाच्या हातून ती सुटते.

ढोबळ हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर धरला आणि हँडल एक मीटर उंचीवर धरलं, तर २४० किलोची गाडी दहा अंश कलल्यावर तिला रोखायला हँडलवर वीस किलोच्या आसपास जोर लागतो. वीस अंशांवर तोच चाळीस किलोंच्या पुढे जातो. शंभर किलोची गाडी वीस अंश कलली तरी सतरा-अठरा किलोंत आवरते. सीट खाली आहे, दोन्ही पाय टेकतात, म्हणून गाडी झेपेल, असं शोरूममध्ये वाटतं ते यामुळेच अपुरं आहे. सुपर मिटिऑरची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची ८२५ वर. ठेंगण्या माणसाला पहिली सोपी वाटेल. पण हिमालयन १९६ किलोची आहे, आणि उतारावर मागे ढकलताना, पार्किंगमधून ओढून काढताना हे पंचेचाळीस किलो जाणवतात. उंची आणि वजन या दोहोंचा मेळ ज्याचा त्यानं आपल्या पायांच्या लांबीप्रमाणे घालायचा असतो.

उंची कमी करण्याचे उपायही जपून करावेत. मागचा शॉकअप किंवा त्याची लिंक बदलून गाडी इंचभर खाली आणता येते, पण आपल्याकडच्या गतिरोधकांवर मग पोट घासतं आणि शॉकअपला दबायला जागाही कमी उरते. सीटचा फोम कापला तर पाय टेकतात, पण बसायला काही उरत नाही. जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट हा यातला सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी मार्ग. सीटची पुढची बाजू, जिथून मांड्या खाली उतरतात, तेवढीच दोन्हीकडून तासून अरुंद करून घेतली तर उंची तीच राहूनही पाय सरळ खाली येतो. हे काम चांगला कुशनवाला सहज करतो.

टांग मारणं ही दुसरी अडचण. मागे बॅग बांधलेली, वर टॉप बॉक्स, आणि खुबा आखडलेला. पाय बॅगेला अडकतो आणि माणूस गाडीसकट आडवा होतो. सामान सीटच्या उंचीच्या खाली, दोन्ही बाजूंच्या पॅनियरमध्ये ठेवलं की अर्धा प्रश्न सुटतो, शिवाय गाडीचं वजनही खाली येतं. काही जण डाव्या फुटरेस्टवर उभं राहून घोड्यावर बसल्यासारखी टांग टाकतात. साइड स्टँडवर दोन्ही वजनं एकदम येतात, म्हणून हे फक्त कडक, सपाट जमिनीवर, पहिला गिअर टाकून करावं. मऊ मातीत किंवा डांबर उन्हानं वितळलेलं असताना स्टँडखाली ठेवायला चपटा पत्रा जवळ असावा. मेन स्टँडला मात्र मी फार महत्त्व देतो. पंक्चर, चेन, सामान बांधणं, सगळं त्यामुळे सोपं होतं. गाडी मेन स्टँडला लावायची ती हातांनी उचलून नव्हे, स्टँडच्या पायावर अंगाचं सगळं वजन टाकून. आता कित्येक नव्या गाड्यांना तो मुळातच नसतो. मिळत असेल तर वेगळा बसवून घ्यावा.

गाडी पडलीच तर? पाठ गाडीकडे करून, सीटच्या कडेला बूड टेकवून, एक हात हँडलवर आणि एक मागच्या पकडीवर ठेवून पायांच्या जोरानं मागे रेटत उठवायची ही रीत सगळीकडे शिकवली जाते आणि ती योग्य आहे. पण मणक्याचा जुना त्रास असलेल्यानं दोनशे किलोंच्या पुढची गाडी एकट्यानं उचलू नये. आपल्या रस्त्यांवर मदतीला माणूस मिळतो. दहा मिनिटं थांबावं.

आता सीटकडे वळू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सामानाची दुकानं आहेत. तिथला एक कारागीर सीट बनवताना मी बराच वेळ पाहिला आहे. गिऱ्हाईकाला तो आधी गाडीवर बसवतो, हात हँडलवर ठेवायला सांगतो आणि खडूनं दोन खुणा करतो, बैठकीची हाडं जिथे टेकतात तिथे. मग सीटचं कव्हर उसवतो. गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. त्यांनी "मऊ करून दे" म्हटलं. तो म्हणाला, "काका, मऊ टाकतो, पण मऊवर तासाभरात पत्रा लागतो. मग शिव्या मला देणार."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बसल्यावर शरीराचा बहुतेक भार त्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम तिथे दबून सपाट होतो आणि मग हाडं थेट खालच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर येतात. बाजूचा न दबलेला फोम मात्र मांडीच्या आतल्या भागावर दाब देत राहतो. चांगली लांब पल्ल्याची सीट हाताला जरा कडकच लागते. खाली घट्ट, पुनर्बांधणी केलेल्या फोमचा थर, वर लवकर उसळी घेणाऱ्या चांगल्या फोमचा पातळ थर, मागच्या बाजूला पुरेशी रुंदी, पुढे निमुळती. उताराकडे तर सर्वांनी पाहावंच. अनेक कंपन्यांची सीट टाकीकडे किंचित झुकलेली असते. माणूस पुढे घसरतो, मग हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो, आणि संध्याकाळी मनगटं दुखतात तेव्हा दोष हँडलला जातो.

जेल पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीवरचं जेल तापतं आणि लवकर निवत नाही. हवेची उशी उपयोगी पडते, पण ती जवळजवळ रिकामी ठेवायची असते. लोक ती टम्म फुगवतात आणि मग डुगडुगतात. जाळीचं कव्हर हवा खेळती ठेवतं, घाम सुकवतं, आणि आपल्या हवेत हा फायदा मोठा आहे. चोवीस तासांत हजार मैल चालवणाऱ्या परदेशी स्वारांत लाकडी मण्यांचं आवरण वापरणारेही आहेत, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या सीटवर असायचं तसंच. मण्यांमुळे भार वाटला जातो आणि खालून हवा लागते. दिसायला कसंही असो, ते वापरून पाहण्यासारखं आहे. पँटच्या आत जाड शिवण असलेली अंतर्वस्त्रं टाळणं, याला तर खर्चच नाही.

सीटइतकाच बसण्याचा ढंग महत्त्वाचा, आणि इथे बाजारातल्या एका पक्क्या समजुतीशी माझा वाद आहे. वय झालं की क्रूझर घ्यावी, पाय पुढे पसरून आरामात बसावं, असं सगळे सांगतात. अमेरिकेतल्या सरळ, गुळगुळीत महामार्गावर ते ठीक आहे. इथे पाय पुढे असले की फुटरेस्टवर भार टाकून बूड उचलता येत नाही. खड्डा किंवा गतिरोधक आला की सगळा दणका थेट माकडहाडातून कमरेच्या मणक्यांत जातो. उभ्या हादऱ्यांना माणसाचा कणा ज्या गतीला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, ती सेकंदाला साधारण चार ते आठ हेलकाव्यांची आहे, आणि खराब रस्ता नेमके तसलेच हादरे देतो. फुटरेस्ट जवळजवळ गुडघ्यांच्या खाली असेल तर पाय शॉकअपचं काम करतात. गतिरोधकाच्या आधी बूड दोन इंच उचललं की कंबर वाचते. बजाज ॲव्हेंजर हलकी आहे, १६३ किलो, सीट ७३७ मिलिमीटरवर, आणि थांबलेल्या अवस्थेत वयस्कर माणसाला तिच्याइतकी सोपी गाडी क्वचितच मिळेल. पण मणक्याचा त्रास असलेल्यानं तिच्यावरून महाड ते चिपळूण जाऊन आल्यावरच निर्णय घ्यावा. उलट टोकाला, गुडघ्याची झीज असलेल्याला फुटरेस्ट फार वर आणि मागे असलेली गाडी चालत नाही. गुडघा काटकोनाहून जास्त दुमडला की तासाभरात कळ येते. मधला मार्ग म्हणजे मूळ फुटरेस्ट मध्यावर ठेवावेत आणि लेग गार्डवर अधूनमधून पाय टाकण्यासाठी जादा पेग बसवावेत. बसण्याची एक आदर्श पद्धत शोधण्यापेक्षा पद्धत बदलता येण्याची सोय असणं जास्त मोलाचं आहे.

हँडल, लिव्हर, गिअर आणि ब्रेकचं पेडल यांची जुळवणी फुकट होते, तरी फार थोडे लोक ती करतात. पाना, ॲलन की आणि अर्धा तास पुरतो. गाडीवर बसून खांदे सैल सोडावेत, डोळे मिटून हात पुढे न्यावेत. ते जिथे सहज पडतात तिथे हँडल हवं. क्लॅम्प सैल करून ते थोडं मागे फिरवता येतं. लिव्हर इतका खाली वळवावा की बोटं त्यावर असताना मनगट सरळ राहील. राइझर लावून हँडल इंचभर वर आणलं तर पाठ सरळ होते, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे पाहावंच लागतं. वळताना केबल ताणली गेली आणि इंजिनाचे फेरे आपोआप वाढले, तर पार्किंगमध्येही अपघात होतो.

हातांना येणाऱ्या मुंग्यांची दोन कारणं असतात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील तर मनगटातली मधली नस दबलेली असते. करंगळी आणि अनामिकेत येत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडतो आहे. पहिल्यासाठी मनगट सरळ करावं, दुसऱ्यासाठी हँडलवर रेलणं थांबवावं. इंजिनाचा थरथराट हे जास्तीचं कारण. तीन हजार फेऱ्यांवर एक सिलिंडरचं इंजिन सेकंदाला पन्नास झटके देतं. रॉयल एनफिल्डच्या २०२० सालच्या मिटिऑर ३५० पासून आलेल्या नव्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि जुन्या बुलेटवरून तिच्यावर बसणाऱ्याला फरक पहिल्या किलोमीटरलाच कळतो. जुनी गाडी जिवापाड आवडत असेल तर हँडलच्या टोकांना वजनं, जरा जाड आणि मऊ ग्रिप, आणि ताशी दहा किलोमीटरनं कमी वेग, एवढं करावं. यातला शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी आहे.

टायरची हवा आणि शॉकअप याकडे कुणी आरामाच्या नजरेनं पाहत नाही. पंपावर हवा भरणारा पोरगा विचारल्याशिवाय जास्तच भरतो आणि मग प्रत्येक खडा कमरेला कळतो. गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी, स्वतःच्या गेजनं हवा मोजावी. क्लासिक ३५० सारख्या गाडीच्या मागच्या शॉकअपला सहा टप्पे असतात आणि फिरवायचा पाना मिळतो. शोरूममधून आली त्या टप्प्यावरच बहुतेकांची गाडी वर्षानुवर्षं चालते.

याचा सर्वांत जास्त त्रास कुणाला होतो? मागे बसलेल्या बाईंना. या विषयावर बोलताना मागच्या सीटवरची व्यक्ती नेहमी विसरली जाते, आणि साठीतल्या प्रवाशाच्या मागे बहुधा साठीतलीच सहचारिणी असते. ती जवळपास मागच्या चाकाच्या वर बसते, तिला खड्डा आधी दिसत नाही, धरायला हँडल नाही, आणि तिचे फुटरेस्ट पुढच्यांपेक्षा उंच असल्यानं गुडघे जास्त दुमडलेले. दोघं आणि सामान असताना शॉकअप सैल ठेवला तर मोठ्या खड्ड्यात तो पूर्ण दबून आदळतो. दोन टप्पे कडक केला की तो दणका थांबतो. पाठीला टेकू असलेला टॉप बॉक्स किंवा बॅक रेस्ट, रुंद फुटरेस्ट, दोन्ही बाजूंना धरायला मूठ, एवढं केलं की प्रवास बदलून जातो. गाडीवर चढताना आणि उतरताना "बसू का?", "बस" हे तोंडी ठरलेलं असावं, आणि ते होईपर्यंत चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असावा. गतिरोधकाच्या आधी मागे सांगायची सवय लावावी. नव्या सीटचा कारागीर पुढचा भाग जितक्या मनापासून करतो तितकाच मागचाही करून घ्यावा, आणि खडूच्या खुणा करताना त्यांनाही सोबत न्यावं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ऐंशीवरून शंभरला गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि तो दिवसभर मान आणि पोटाचे स्नायू पेलत असतात. पुढची काच त्यासाठी. पण काचेची वरची कड नेमकी हेल्मेटच्या समोर आली तर हवा घुसळते आणि डोकं थडथडतं. काच इतकी असावी की नजर तिच्या वरून जाईल आणि वारा हेल्मेटच्या माथ्याला चाटून जाईल. पाऊस आणि रात्रीचे समोरचे दिवे लक्षात घेता काचेतून पाहत गाडी चालवणं आपल्याकडे योग्य नाही.

आवाजाबद्दल इथे फार कमी बोललं जातं. ताशी शंभरच्या आसपास चांगल्या हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेची कामगार आरोग्य संशोधन संस्था पंच्याऐंशी डेसिबलला आठ तासांची मर्यादा घालते, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात कान मर्यादेच्या बाहेर जातात. साठीत ऐकू येणं आधीच कमी झालेलं असतं, आणि आवाजानं डोकंही शिणतं. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वाऱ्याची घरघर कमी करतात. हॉर्न आणि इंजिन ऐकू येत राहतात.

डोळ्यांसाठी नियम सोपा ठेवावा: अंधारात लांबचा प्रवास नको. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे येणाऱ्या उजेडातलाच काही भाग अडवतात. आधीच तिसरा हिस्सा पोचतो, त्यात आणखी कपात कशाला? साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यात शिरण्याआधी हेल्मेटची गडद काच वर करावी आणि वेग उतरवावा, कारण अंधाराला सरावायला वयस्कर डोळ्याला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. तशात सीट बदलण्याच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

उन्हाचं आणि औषधांचं गणित एकमेकांत गुंतलेलं आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. म्हणून लोक पाणी कमी पितात, आणि तहान तर तशीही उशिरा लागते. बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं की चक्कर येते, नेमकी गाडीवरून उतरताना. गाडी बंद केल्यावर मिनिटभर बसून मग उतरावं. भिजवलेलं जाकीट विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात छान गारवा देतं, कोकणात दमटपणामुळे त्याचा उपयोग होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावं, कारण पडल्यावर आधी तेच डॉक्टरांना कळायला हवं. लेहला जाणाऱ्यांनी विमानानं वा गाडीनं पोचल्यावर साडेतीन हजार मीटर उंचीवर किमान दोन दिवस काहीही न करता काढावेत आणि हृदयविकार असेल तर आधी सल्ला घ्यावा.

तासाभरानं थांबावं, उतरावं, पाचशे पावलं चालावं. पेट्रोल संपेपर्यंत चालवण्याची जुनी सवय आता सोडलेली बरी.

परदेशात या सगळ्यावर यंत्राकडून उत्तरं शोधली गेली आहेत. होंडाच्या गोल्ड विंगला १९८८ मध्येच उलटी चाल मिळाली आणि २०१८ च्या मॉडेलला आपोआप गिअर बदलणाऱ्या ड्युअल क्लचसोबत हळूहळू पुढे-मागे सरकण्याची सोय आली. सीबीआर ६५० आर वर होंडानं ई-क्लच दिला, ज्यात लिव्हर असतो पण दाबावा लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यासाठी हे वरदान आहे. कॅन-ॲमची तीन चाकी स्पायडर २००७ मध्ये आली, हार्लेची ट्राय ग्लाइड २००९ च्या मॉडेलवर्षात. आपल्याकडे यातलं बरंच काही नाही किंवा आवाक्याबाहेरचं आहे. पण हलका क्लच असलेल्या मध्यम गाड्या आता मिळतात, आणि पंजाचा जोर कमी झालेल्यानं गाडी पाहताना सगळ्यात आधी क्लच दाबून पाहावा, वीस वेळा लागोपाठ. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीची गाडी असेल आणि लांबचे बेत असतील, तर आवाज कितीही लाडका असला तरी बदलण्याचा विचार करावा.

स्कूटरचा पर्यायही मनातून काढून टाकू नये. टांग मारायची नाही, क्लच नाही, सामान पायांशी. याच रस्त्यांवरून १९७२ नंतरच्या चेतकवर कितीतरी कुटुंबं गावी गेली आहेत. अडचण लहान चाकांची आणि थोड्या अंतराच्या शॉकअपची. त्यामुळे दिवसाला दीडशे किलोमीटर आणि बरे रस्ते, अशा बेताला ती उत्तम आहे.

बदल करताना कायदा लक्षात असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. सीट, ग्रिप, काच यांच्यावरून सहसा प्रश्न येत नाही. चासी कापणं किंवा जादा चाकं जोडणं आरटीओच्या मंजुरीशिवाय करू नये, आणि विमा कंपनीलाही कळवावं. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, चाळिशीनंतर नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र सही-शिक्क्यापुरतं न घेता खरोखर तपासून घ्यावं. मान किती वळते, डोळे कसे आहेत, हे त्यानिमित्तानं कळतं.

आपल्या कंपन्यांकडून माझी एक अपेक्षा आहे. दीडशे किलोंच्या आसपास वजन, ७६० ते ७८० मिलिमीटरवर सीट, मध्यावर फुटरेस्ट, खड्डे पचवणारे शॉकअप, लिव्हरचं अंतर बदलण्याची सोय आणि मुळातच मेन स्टँड, अशी लांब पल्ल्याची गाडी. आज हलक्या गाड्या उंच आहेत, ठेंगण्या गाड्या जड आहेत, आणि ज्या दोन्ही जमवतात त्यांत पाय पुढे जातात.

तोवर घेण्याआधी गाडी भाड्यानं आणावी. पुण्यात, गोव्यात जवळजवळ प्रत्येक मॉडेल दिवसाच्या भाड्यानं मिळतं. पणजीहून सावंतवाडीमार्गे आंबोली चढून परत यावं, मागे जी व्यक्ती नेहमी बसणार तिला बसवून, आणि जेवढं सामान नेणार तेवढं बांधून. वाटेत गाडी एकदा उतारावर मागे ढकलून पाहावी, एकदा मेन स्टँडला लावावी, एकदा दोघांनी सामानासकट चढून-उतरून पाहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचं काय काय दुखतंय ते कागदावर लिहावं आणि तो कागद घेऊन शोरूममध्ये जावं.